हरकत मागे घेऊ नकोस

प्रिय दादा,

बँकेने लिलावात काढलेलं तुझं घर मी घेतलं, म्हणून काल नोंदणी कचेरीच्या जिन्यात तू ओरडलास, "शहाणे, भावाचंच छप्पर सापडलं का तुला?" मी खरं कारण मुद्दाम लपवलं.

ते इथे नीट समजावून सांगते. बाबांनी हे घर साध्या कागदावर घेतलं. त्याची नोंद कधी झालीच नाही. आता पहिली नोंद करायची, तर हरकती मागवून त्यांचा निकाल लागावा लागतो. घर साऱ्या घराण्याचं आहे, अशी हरकत एकट्या तुझी आली. तिच्यापायी चौदा महिने फाइल अडली आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे! तू ती मागे घेतलीस, तर उद्या आपले चुलतभाऊ तीच उकरून काढतील. पण कागद तपासून, दोन्ही बाजू ऐकून ती फेटाळली गेली, की मालकी पक्की. मग मी घर तुझ्या नावावर करताना कोणालाही बोट ठेवायला जागा उरणार नाही.

हे आज कळलं, तर तू हळवा होऊन माघार घेशील. म्हणून हे पत्र माझ्याजवळच्या फाइलच्या तळाशीच ठेवते; घर तुझ्या नावावर झालं, की देईन. मंगळवारी सुनावणीला ये, आणि कडाडून भांड.

तुला हरवायला निघालेली,
धाकटी