यादीतला सातवा नियम

बुधवार, १३ मे
दुपारची जेवणं उरकल्यावर, दुकानातून

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझी लेक ठणठणीत आहे. दूध पिते, जेवते आणि उरलेल्या वेळात माझं डोकं खाते. रविवारी तिला न्यायला येशील, नेहमीसारखी मागच्या दाराने. त्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी बातम्या.

तू तिच्या बॅगेत ठेवलेली सात नियमांची यादी मी शिलाई मशीनच्या वर चिकटवली आहे. खरं सांगतो, आधी हसलो. 'रडू नकोस म्हणायचं नाही, का रडतेस ते विचारायचं.' अगं, चाळीस वर्षं कपडे शिवतोय, पण गिऱ्हाइकाला कधी तोंडावर 'पोट सुटलंय' म्हटलं नाही. आणि पोरीशी कसं बोलायचं ते आता या वयात शिकू? तुझी आई म्हणाली, "शिका. उशीर झालाय, पण शिका." तिचं बोलणं तुला माहीतच आहे.

तर सोमवारी काय झालं, हेडमास्तरांचा कोट टेबलावर पडला होता. मी चहा घ्यायला वळलो, तेवढ्यात पोरीने मोठी कात्री घेऊन एक बाही कोपरापासून उडवली! तिच्या अस्वलाला टोपी हवी होती म्हणे. मी असा ओरडलो, की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला. पोर रडायला लागली. पण लेक कोणाची! डोळे पुसून म्हणाली, "आजोबा, तुम्हाला राग आलाय. राग आला तर चालतं, ओरडायचं नाही. स्टुलावर बसा आणि दहापर्यंत मोजा."

बसलो. करतो काय, न्हावी बघत होता.

मी सातवर पोचलो, तेवढ्यात हेडमास्तर दारात हजर. "झाला का कोट?" मी कोट पाठीमागे लपवला. पोरीने त्यांना दुसऱ्या स्टुलावर बसवलं, अस्वलाची टोपी दाखवली आणि म्हणाली, "ही तुमची बाही. मी कापली. चुकलं. तुम्हाला आता कसं वाटतंय?" त्या माणसाला आजवर असं कोणी विचारलंच नसावं. म्हणाले, "भीती वाटतेय गं. परवा माझा निरोप समारंभ आहे आणि भाषण करताना मला रडू येणार." मग अर्धा तास बोलत बसले. जाताना टोपीचं कौतुकही केलं. कापड शिल्लक होतं, संध्याकाळपर्यंत नवी बाही बसवली. एका दिवसाचंसुद्धा काम नव्हतं.

एका दिवसाचंसुद्धा नव्हतं, ठकू.

तूही सात वर्षांची असताना बाहुलीच्या झग्यासाठी एका नवरदेवाच्या कोटाचं अस्तर कापलं होतंस. तेव्हा मी ओरडलो नाही. आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू रोज दुकानात येऊन शाळेतल्या गमती सांगायचीस आणि मी मशीन चालवत राहायचो. नवव्या दिवशी तू आली नाहीस. तेव्हापासून तू पुढच्या दाराने, दुकानातून न येता, मागच्या दारानेच घरात येतेस.

माझा राग दुसऱ्याच दिवशी गेला होता. पण बापाने आधी कसं बोलायचं, काय बोलायचं, हेच मला सुचेना. तुला वाटलं असेल, आपण बाबांना नकोशा झालो. ते तसं नव्हतं गं. मी घाबरट होतो, एवढंच.

सोमवारी हेडमास्तर गेल्यावर पोरीने माझ्याकडून राहिलेले तीन आकडे मोजून घेतले आणि यादीतला सातवा नियम वाचून दाखवायला लावला: 'मोठ्यांचं चुकलं तर मोठ्यांनी माफी मागायची.' मी तिची मागितली. तिने लगेच केलं माफ, वर अस्वलाचीही मागायला लावली.

तुझी राहिली. चुकलं माझं. त्या पोरीला तू जे देतेस, ते तुला मी द्यायला हवं होतं.

रविवारी पुढच्या दाराने ये. स्टुलं दोन आहेत. त्या आठ दिवसांत शाळेत काय काय झालं ते सांग, आठवेल तेवढं. मी मशीन बंद ठेवतो.

ऐकायला बसलेला,
तुझा बाबा