चार तासांचं अंतर

रारोटोंगा, मंगळवार
(तुझ्याकडे बुधवार. आता पाठ झालंय.)

ती. अकाइतीताईस, धाकट्या तेरेपाईचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इकडे मी, डुकरं आणि पपईची झाडं ठीक आहोत. ताओकियाच्या मानेला नवा वारा सोसतोय ना? जन्मापासून राखलेले अकरा वर्षांचे केस एका दिवसात गेले, सर्दी व्हायची पोराला.

आता माझ्या अपराधाविषयी. भाच्याच्या केसकापणीत पहिली बट मामाने कापायची, ही आपल्या घरची रीत. ती मोडली, हे कबूल. पण हिशेब ऐक. इथून ऑकलंड तीन हजार किलोमीटर, विमानाला चार तास. कार्यक्रम शनिवारी दुपारी दोनला. म्हणून मी शनिवारी सकाळी सहाला निघालो (आजोबांची कात्री सामानात, आणि अंगावर तो फुलाफुलांचा सदरा, ज्याला तू पडदा म्हणतेस). चार तास मी खुर्चीचे हात सोडले नाहीत. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कुठल्या कार्याला, बाळा?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अरे, उतरशील तेव्हा तिकडे रविवार असेल. मुलाचे केस कालच कापून झाले असतील!" वाटेत समुद्रावर कुठेतरी अख्खा दिवस गळून पडतो, त्याला मी काय करणार?

पुढचं तू पाहिलंसच. तू पांढरी टोपी घालून चर्चमधून बाहेर येत होतीस आणि मी फाटकात कात्री घेऊन उभा. सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "या मामासाहेब! थांबता का, केस परत वाढेपर्यंत?" मला फार लागलं ते. जेवलो आणि दुपारीच परत निघालो, तर घरी पोचलो शनिवारी संध्याकाळी! म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मी इथे ओट्यावर चहा पीत होतो. अशा माणसावर काय रागावणार तू?

तुझा,
तेरेपाई

ता. क. वाचताना हसली असशील. बावीस वर्षं विमानात सामान चढवणाऱ्या माणसाला तिकडचा वार ठाऊक नाही, हे कोणाला पटेल? खरं सांगतो. तिकीट शुक्रवारचंच होतं. जिना चढलो, दारातून आत पाहिलं आणि खाली उतरलो. आयुष्यात कधी आत बसलो नव्हतो गं, भीती वाटली. घरी येऊन रडलो. शनिवारी उशीर झालाय हे माहीत असूनच बसलो.

ता. क. दुसरा. ताओकियाला रागावू नकोस. निघताना त्याने मला कोपऱ्यात नेऊन टोपी काढून दाखवली. डाव्या कानामागे एक बट आहे, लाल रिबीन बांधलेली. "ही मामाची," म्हणाला, "आईला सांगू नकोस." ती तेवढी राहू दे. मी येत्या शुक्रवारच्या विमानाने येतोय. कात्री तुझ्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात मुद्दाम ठेवून आलोय, म्हणजे पुन्हा जिन्यावरून परत फिरता येणार नाही.