टॅबला हळदकुंकू

८ सप्टेंबर, सोमवार

मिळाली! एकदाची मिळाली परवानगी!

टॅब शाळेत आल्यापासून कपाटात होते. शुक्रवारी तासभर बाहेर, की लगेच मोजून आत. आमचे मुख्याध्यापक राजेंद्र सर किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. आज शेवटी म्हणाले, द्या, तुमच्या तिसरीच्या पोरांना घरी न्यायला द्या. पण अटी दोन. एकही टॅब बिघडता कामा नये, नाहीतर सगळे परत कपाटात, कायमचे. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांना दिसलं पाहिजे, की पोरं खरंच काही शिकली.

मी जोरात हो म्हणून बसले. माधवीबाई, जीभ जरा आवरत जा!

९ सप्टेंबर

पालकसभा. हौशीराम आबांनी दणका दिलाच. "ह्या डबड्यानं पोरं बिघडत्यात, बाई. लिहून घ्या." सगळे आया-बाप माना डोलवायला लागले. आणि टॅब वाटायला घेतले तर पहिला हात आबांचाच पुढे! उपरण्यात गुंडाळून, काखेत मारून निघालेसुद्धा. म्हणे, घरी ठेवून बघतो काय करतंय ते.

हे आमच्या प्रेरणाचे आजोबा. प्रेरणा म्हणजे पहिल्या बाकावर बसून तोंडाला कुलूप. वाचायची पाळी आली की मान खाली ती खालीच. मी आपली रोजचं पालुपद लावते — घाई नाही. बोट ठेव. पुन्हा. बोट ठेवते बिचारी, पण आवाज काही फुटत नाही. हे वाक्य इतकं तोंडात बसलंय की परवा कपाटात चष्मा शोधणाऱ्या नवऱ्यालाही तेच म्हणाले. दिवसभर चिडवत होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी गृहपाठ दिला होता : घरात, रानात काटकोन शोधा, फोटो काढून आणा. हसून हसून पुरेवाट! सार्थकने आणला वडिलांचा गुडघा — गोठ्यात उकिडवे बसलेले. स्वराजने आईचं कोपर, भाकरी थापताना. मग वर्गात भांडण, की हा काटकोन का लघुकोन. फळ्यावर काटकोन काढायचा गुण्या आणून मापायची वेळ आली. पुस्तकातल्या काटकोनासाठी ही पोरं कधी भांडली होती का? मला आज शाळेतून निघावंसंच वाटेना. कान्हे स्टेशनवर गाडी चुकली, पुढच्या गाडीने लोणावळ्याला घरी आले. चुकू दे.

१९ सप्टेंबर

वाचनाचं ॲप भारी आहे. पोराने मोठ्याने वाचायचं, टॅब ऐकतो, आणि वाचलं तेवढे तारे देतो. माझ्या फोनवर सगळ्यांचे तारे दिसतात. सगळ्यात जास्त कुणाचे? प्रेरणाचे!

२० सप्टेंबर

अजूनही प्रेरणाच पहिली.

२४ सप्टेंबर

सरांना फोन दाखवलाच. बघा म्हटलं, मुकी म्हणत होतात ना? सर चष्म्यावरून बघत राहिले. वर्गात मात्र तिची मान खालीच. आज परत पाळी दिली, ओठ हलले, आवाज नाही. चारचौघांत बुजत असेल. घरी वाचते ना, मग झालं. मी खूश आहे.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं! ज्याची भीती तेच झालं.

प्रेरणाचा टॅब चार्ज होईना. काल दसरा झाला, त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आबांनी विळा, कोयता, खोरं, फवारणीचा पंप असं सगळं मांडलं, आणि मधोमध टॅब! हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर पाण्याचा शिंतोडा. जाऊन विचारलं तर मलाच उलटा प्रश्न. "पोरगी शिकती त्याच्यावर. आवजारच न्हवं का ते? मग पुजाया नगं?" रागवायला गेले होते, चहा पिऊन आले. पण येताना सरांची अट आठवली. एक बिघडला की सगळे कपाटात. सार्थकचा गुडघा, स्वराजच्या आईचं कोपर — सगळं बंद. सरांना आजच सांगायचं होतं, पण टाळलं. सोमवारी सांगते.

४ ऑक्टोबर

लोणावळ्यात बाजारपेठेत गौरवचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे नेला. त्याने चार्जिंगच्या भोकात बारीक ब्रश फिरवला आणि ओली हळद कागदावर काढून ठेवली. म्हणाला, "मॅडम, नुसती पूजाच केली ना, नैवेद्य नाही ना दाखवला?" मेला! पण टॅब सुरू झाला. रस्त्यात उभं राहून दोन वडे खाल्ले, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

६ ऑक्टोबर, सोमवार

सरांना सगळं खरं सांगितलं. अंगावर येतील म्हणून तयारीत होते, तर सर हळदीवर हसले. हसून झाल्यावर म्हणाले, दुरुस्त झाला म्हणून एकदा सोडतो. पण आता शिकल्याचा पुरावा पक्का हवा.

पुरावा काय, माझ्याकडे प्रेरणा आहे!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रडू येतंय.

सर म्हणाले, तारे राहू द्या, आवाज ऐकवा. ॲपमध्ये पोरांचं वाचन साठतं. इतके दिवस मी फक्त तारे मोजले, ऐकलं एकदाही नाही! मोठ्या ऐटीत प्रेरणाचा टॅब मागून घेतला आणि तिचं काल संध्याकाळचं वाचन लावलं. आणि टॅबमधून आला हौशीराम आबांचा घोगरा आवाज. "क... म... ळ. कमळ." मग नुसतं खाकरणं. पुढे "न... ळ."

सरांनी तिथेच बंद केलं. म्हणजे तारे सगळे म्हाताऱ्याचे, पोरगी आहे तिथेच, असं म्हणाले आणि उद्या टॅब गोळा करायला सांगितलं. खरंच होतं. आबांना अक्षर येत नाही, हेही आजच कळलं. उतारवयात शिकतायत, त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. पण मला माझ्या पोरांचंच वाईट वाटत राहिलं. आणि स्वतःचा राग. दीडशहाणी!

१५ ऑक्टोबर, बुधवार

टॅब गोळा केले. कपाटात ठेवण्याआधी ते वाचन पुढे ऐकलं. मग टॅब तसाच सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं, शेवटपर्यंत ऐका.

आबा "नळ"वर अडखळतात. खाकरतात. आणि मग एक खणखणीत आवाज येतो, वर्षभरात माझ्या वर्गात एकदाही न ऐकलेला :

"घाई न्हाई, आबा. बोट ठेवा. पुन्हा." आणि त्यांना वाचून दाखवायला प्रेरणा अख्खा धडा वाचते, एका दमात.

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यापुढे सरकवली. टॅब अजून चालूच होता. आबा म्हणत होते, "व्हय, बाई."