तिसऱ्या बोअरचा नारळ

ती. अनंतमामांस,

विक्रोळीहून प्रीतमचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? मनोरीची हवा मानवली असणारच. माणसांपासून लांब राहिलात की तुमचं बीपी उतरतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामींनी पाठवलेले सुके बोंबील पोचले (वासाने शेजाऱ्यांनाही पोचले). इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे वाट लागली आहे.

तुम्ही रिटायर झाल्यावर आमच्या साकीनाक्याच्या माती-खडक तपासणीच्या ऑफिसात दगड ओळखणारी एकटी शर्मिष्ठा उरली होती. ती गेल्या महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेली. तिथल्या खाणवाल्यांनी तिला, नवऱ्याला आणि (म्हणे) कुत्र्यालाही तिकीट दिलं. आमच्या राजेशसाहेबांनी तिला थांबवायला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मग जाहिरात. एक आला तो म्हणाला, घरून काम करीन, दगड कुरिअरने पाठवा. दुसरे गृहस्थ तुमच्याहून मोठे, टेकडीवर खुर्ची आणि धरायला माणूस मागत होते. तिसरी मुलगी झकास होती हो मामा, दगड हातात घेऊन स्वतःशीच हसली. पण खाली चहा प्यायला गेली तेवढ्यात तिला तेल कंपनीचा फोन आला, आणि कप अर्धा टाकून गेली. कॉलेजात विचारलं तर सर म्हणाले, वर्गात मुलंच नाहीत, तुम्हाला कुठून देऊ? शेवटी साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बी.कॉम., बिलं बघणारा माणूस. मला हेल्मेट दिलं.

आता नीट ऐका. काम आहे मालनमावशीच्या चाळीमागच्या टेकडीवर (होय, तुमच्याच बहिणीच्या, तिची मोरी आणि तो उतार यांच्यामध्ये माणूस अंग चोरून जेमतेम जातो). वर टॉवर होणार, त्यासाठी उतार कापणार. शर्मिष्ठाने जाण्याआधी चुन्याने तीन फुल्या मारल्या होत्या. तिथे बोअर घेऊन खालचा दगड काढायचा. तिसरी फुली अगदी कडेला, मावशीच्या छपराच्या वर. पण त्या दिवशी बिल्डरच्या आईंनी सपाटीवर भूमिपूजन मांडलं. आमचा मशीनवाला दशरथ कडेकडे निघाला होता, आईंनी त्याच्या हातात नारळ ठेवला आणि त्याने तो भक्तिभावाने मांडवाजवळच फोडला. नारळ जिथे फुटला तिथून दशरथ मशीन हलवत नाही, हे तुम्ही जाणता (तुम्हीच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंत). शर्मिष्ठा असती तर ओरडली असती. मी होतो. मी प्रसाद घेतला.

म्हणजे तिसऱ्या बोअरच्या नमुन्यांच्या पेटीत आलाय सपाटीखालचा सुंदर काळा दगड, आणि अहवाल म्हणतो उतार मजबूत! साहेबांना सांगितलं, तर म्हणे टेकडी एक, दगडही एकच. सोमवारी उतार कापायला पोकलेन येतोय. काल कडेवर जाऊन उभा राहिलो तर बुटाखाली लाल, भुसभुशीत माती आणि तीतून पाणी झिरपतंय. खाली मावशी भांडी घासत होती. वर बघून हात केला, म्हणाली, ये रे, चाय टाकतंय. मामा, ती लाल माती चांगली की वाईट हेसुद्धा मला कळत नाही हो! मावशीला म्हटलं थोडे दिवस आमच्याकडे चल, तर तिला वाटलं माझा तिच्या खोलीवर डोळा आहे. आणि चाळीत ती काय एकटी आहे? आज साहेबांनी अहवाल पुढे केला, म्हणाले भूवैज्ञानिकाच्या जागी तूच सही ठोक, कोण बघतंय. पेन सापडत नाही म्हणालो. त्यांनी पेन दिलं. मग पोट बिघडल्याचं सांगून घरी आलो, ते तुम्हाला लिहायला बसलो. मामींना नमस्कार.

तुमचा घाबरलेला भाचा,
प्रीतम

ता.क. रविवारी पहिल्या बोटीने या. मार्वेच्या जेट्टीवर रिक्षा घेऊन उभा राहतो. मुंबईचं तोंड बघणार नाही अशी शपथ घेतलीत, ठीक आहे, तोंड नका बघू, दगड बघा. दशरथला नवा नारळ आणून दिलाय. तो तुम्ही कडेवर फोडा. मग साहेब आडवे पडले तरी तिथला दगड काढल्याशिवाय मशीन हलणार नाही.

ता.क. दुसरा. आमच्या लेकीने, दिशाने, बारावीनंतर भूगर्भशास्त्र घेतलंय. तिच्या आईने अबोला धरलाय. माझ्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, दगडात काय ठेवलंय, गपचूप कॉमर्स कर. (तेव्हा सगळ्याच मामांनी सगळ्याच भाच्यांना हेच सांगितलं असणार, म्हणून आज ही वेळ.) रविवारी तीही टेकडीवर येतेय, तुमचा जुना हातोडा घेऊन. तिला हवं ते शिकवा, हवं तेवढं ओरडा. फक्त मला जे सांगितलंत, ते तिला सांगू नका.