अंदाज बरोबर ठरला

आई,

मी नेमकं काय शिकवतो, हे तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू गेलीस तेव्हा मी नुसताच ‘कॉम्प्युटरमध्ये’ होतो, आणि कोणी विचारलं की तूही तेवढंच सांगून मोकळी व्हायचीस. आता मी परळला एका खाजगी संस्थेत अंदाज बांधायला शिकवतो. हसू नकोस. मागे काय काय घडलं ते कॉम्प्युटरला दाखवायचं, त्यातून त्याने रीत उचलायची आणि पुढे काय घडेल ते सांगायचं. त्या उचललेल्या रितीला आम्ही मॉडेल म्हणतो. फळ्यावर कमी आणि हाताने करून जास्त शिकवतो, असं माझं नाव आहे. हा धंदा मी गिरगावातल्या स्वयंपाकघरात पाहिला, हे मात्र वर्गात कोणाला ठाऊक नाही.

तुझी दहावीची शिकवणी ओट्याच्या खाली, फरशीवर भरायची. मुलांना कोथिंबीर निवडायला बसवायचीस आणि निवडता निवडता सनावळ्या म्हणून घ्यायचीस. माघ संपत आला की सगळ्यांना एकाच गोष्टीची घाई, बाईंचे आयएमपी. परीक्षेत कोणते प्रश्न येणार ते तू जुने पेपर मांडीवर घेऊन ठरवायचीस. हा गेल्या वर्षी येऊन गेला, आता दोन वर्षं तोंड दाखवणार नाही. हा बरेच दिवस दडून बसलाय, यंदा येणारच. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचीस, “मी सांगते, येणार म्हणजे येणार.” बाबा तुला पेपर फोडणाऱ्या बाई म्हणून चिडवायचे आणि तू त्यांच्या अंगावर कोथिंबिरीच्या काड्या फेकायचीस. बहुतेक प्रश्न यायचेही.

मग ते वर्ष आलं. इतिहासाच्या पेपरात तू सांगितलेलं जवळजवळ काहीच आलं नाही. बाकीच्यांनी पुस्तक वाचलेलं होतं, ती निभावली. लालबागच्या एका मुलाने फक्त तुझ्या शब्दावर भरवसा ठेवला होता, तो आपटला. निकालाच्या संध्याकाळी तू पदर खोचलास, मला म्हणालीस “चल,” आणि आपण त्याच्या घरी गेलो. मला आजही ती खोली दिसते. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसलाय, त्याची आई आपल्यासाठी चहा टाकते आहे, आणि त्याचे वडील, गिरणीतून नुकतेच आलेले, उलट तुझीच समजूत घालताहेत. “बाईनु, तुमचो काय दोष? पोराचां नशीबच तसां.” तू म्हणालीस, “नशीब कसलं? मी सांगितलं होतं त्याला. मी चुकले.” एवढ्या साध्या आवाजात म्हणालीस की मला तुझा राग आला. माझ्या आईने परक्या लोकांसमोर चूक कबूल करावी, हे मला रुचलं नव्हतं. तो मुलगा ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत रोज आपल्याकडे शिकायला येत राहिला, आणि सुटला.

आता माझं ऐक. यंदा वर्गाला प्रॅक्टिकलसाठी मी आमच्या संस्थेचाच डेटा दिला. जुन्या बॅचेसची हजेरी, कोणी काम कधी जमा केलं, कोण कोर्स पुरा करून गेलं आणि कोणी मध्येच सोडला. यावरून नव्या विद्यार्थ्यांपैकी कोण गळणार, ते सांगणारं मॉडेल बनवायचं. खरा डेटा, खरे घोळ, हात काळे झाल्याशिवाय शिकता येत नाही, वगैरे माझं भाषण झालं. वर्गात शिवडीची एक मुलगी होती. दिवसा एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करायची. गोदामातून माल निघायचा असला की तिला सुट्टी मिळायची नाही, तास बुडायचा, मग ती राहिलेलं काम नंतर एकटी बसून पुरं करायची. डेटा साफ करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, ते तिच्यासारखं वर्गात कोणालाच जमत नव्हतं. हजेरीत खूप जागा रिकाम्या होत्या. तिने विचारलं, “सर, ही रिकामी जागा म्हणजे गैरहजर, की कोणी मांडलंच नाही?” प्रश्न अगदी बरोबर होता. मला तास संपवायचा होता. मी म्हटलं, “गैरहजर धर.”

मॉडेल तयार झालं, आणि मी ते आमच्या चालू बॅचवरच चालवून पाहिलं. वर्गाला न सांगता, गंमत म्हणून. बुडालेल्या तासांमुळे गळणाऱ्यांत तिचं नाव आलं. त्याच सुमारास एका कंपनीने आमच्या थोड्या विद्यार्थ्यांना आपल्या कामावर घ्यायचं ठरवलं होतं. पुढे तिथेच नोकरी लागायची शक्यता होती, आणि तिला ती जागा हवी होती, हे मला ठाऊक होतं. आमच्या संस्थेच्या ऑफिसने मला विचारलं, मध्येच सोडून जाणारं कोणी पाठवायचं नाही, तुमच्याकडे काही अंदाज आहे का? मग नावं ऑफिसात गेली. बघ, नावं गेली म्हणे! नावांना पाय फुटले होते? मी पाठवली. एका मेलमध्ये, दुपारचा चहा पिता पिता.

तिचं नाव कापलं गेलं. ती तासानंतर थांबली. रागात नव्हती, त्याने आणखी अवघड झालं.

“सर, एक विचारू? मी सोडून जाणार असं कोण बोललं?”

“तसं कोणी म्हणालं नाही गं. मॉडेल तसं दाखवतंय.”

“दाखवतंय ते ठीक आहे, सर. पण बोललं कोण?”

आई, मी तिला संभाव्यता समजावून सांगायला लागलो. अंदाज म्हणजे खात्री नसते, हे माणसाबद्दल नसतं, आकड्यांबद्दल असतं, असं बरंच काही. ती मान हलवत ऐकत राहिली. हे मॉडेल बनवायला तिचेच हात लागले होते, तिला माझ्याकडून शिकवणी नको होती. तिला एक कर्ता हवा होता. मी तो दिला नाही. तोंडापर्यंत आलेला ‘मी’ मी गिळला.

पुढच्या आठवड्यापासून ती यायची बंद झाली. कोर्स संपत आला तेव्हा चालू बॅचचे ते अंदाज वर्गापुढे ठेवून आम्ही शेवटचं प्रॅक्टिकल केलं. मॉडेलने काय सांगितलं होतं आणि खरंच काय झालं, ते ताडून पाहायचं. नावं झाकलेली, फक्त क्रमांक. एक मुलगा मोठ्याने वाचत होता आणि बरोबर ठरलेल्या प्रत्येकावर पोरं ओरडत होती. तिचा क्रमांक आला. अंदाज, सोडणार. प्रत्यक्षात, सोडला. “सर, करेक्ट!” टाळ्या पडल्या. आणि मी, तुझा मुलगा, म्हणालो, “व्हेरी गुड.” तिला आम्ही दारातून बाहेर काढलं आणि ती बाहेर गेली म्हणून टाळ्या वाजवल्या, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी पुढचा क्रमांक वाचायला सांगितला. तेव्हापासून मला वर्गात उभं राहताना लाज वाटते. कोणी ‘सर’ म्हटलं की वाटते. अजून शिकवतो मात्र, तेच प्रॅक्टिकल, कारण पोरांना ते आवडतं.

परवा मी तिला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलेलं होतं, सुरुवातच ‘मी’ने करायची, असं घोकलं होतं. तिने लगेच उचलला. मागे टेंपोचे हॉर्न, कोणीतरी कोणाला हाका मारतंय. “बोला ना, सर.” मी कशी आहेस विचारलं. बरी आहे म्हणाली. “काही काम होतं का, सर?” तिने अदबीने विचारलं. आणि मी म्हणालो, “नाही गं, सहज केला.”

हे तुला पोहोचणार नाही म्हणूनच इतकं मोकळेपणाने लिहिता आलं. तू असतीस तर एवढंही लिहिलं नसतं. तू मला रागावली असतीस ही भीती नाही. तू कागद घडी घालून ठेवला असतास, चपला पायात सरकवल्या असत्यास आणि विचारलं असतंस, शिवडीला कुठे राहते ती? तिचा पत्ता माझ्याकडे आहे, आई.