गर्भित पाणीपुरवठ्याच्या चौदा वह्या

मी, सदानंद गणपत खरमाटे, वय एकाहत्तर, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला व्हॉल्वमन, मूळचा तासगावकडचा, गेली छत्तीस वर्षे राहणार तुळिंज, नालासोपारा पूर्व, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी सांगितले म्हणून नाही की कोणाच्या धाकाने नाही. मी पूर्ण शुद्धीवर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना डॉक्टरांनी विचारले, मनावर काही ताण आहे का? मी म्हटले, मन शाबूत आहे, फक्त फसवले गेले आहे. दाखल्यात त्यासाठी जागा नव्हती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. गेल्या डिसेंबरपर्यंत त्याची गरजही वाटली नव्हती.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट माझी एकुलती एक मुलगी ज्ञानदा हिला मिळावा. न्हाणीघरातले दोन निळे ड्रम तिने काढू नयेत. उद्या चोवीस तास पाणी मिळेल असे कोणी सांगितले तरी काढू नयेत. टीव्ही जावई जितेशराव यांना द्यावा, रिमोट मात्र ज्ञानदाकडेच राहावा. जितेशरावांनी माझ्या व्याख्यानाचे चित्रण ‘आमच्या सासऱ्यांची कॉमेडी’ म्हणून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकले होते, त्याची ही फेड आहे. एरवी माणूस वाईट नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि माझी दिवंगत पत्नी मीरा हिच्या बांगड्या ज्ञानदालाच. यावर वाद नाही, म्हणून जास्त मजकूरही नाही.

कलम ३. व्हॉल्व उघडायची माझी लोखंडी चावी, उंची साडेतीन फूट. खात्याची चावी मी निवृत्तीच्या दिवशी जमा केली. ही मी पदरचे पैसे घालून विरारच्या लोहाराकडून घडवून घेतलेली आहे. ती आमच्या इमारतीचा पंप सांभाळणाऱ्या रंभाबाईंना द्यावी. सोसायटीचे सेक्रेटरी विलासराव यांनी या चावीला दोनदा भंगार म्हटले आहे, त्यांच्या हाती ती पडू नये.

कलम ४. आता वह्या. दोनशे पानी चौदा वह्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. विषय : इंग्रजी चित्रपटांतील गर्भित पाणीपुरवठा. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर आधी हसून घ्यावे. ऐंशी माणसे माझ्या तोंडावर हसलेली आहेत.

२००५ साली स्टेशनजवळ सीडीची लायब्ररी चालवणारे युजीन तुस्कानो यांची माझी ओळख झाली. राहणार गिरीज, केळीच्या वाडीतले. दर रविवारी दुपारी चार वाजता ते एक इंग्रजी पिक्चर आणि पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाडीतली सुकवलेली केळी, घेऊन आमच्या घरी येत. मी गावाकडे नववीपर्यंत शिकलेला, मला इंग्रजी कळत नसे. मी विचारी, ‘काय म्हणतो तो?’ आणि युजीनभाऊ मराठीत सांगत. त्यांचे नाव युजीन, त्यामुळे त्यांना इंग्रजी येणारच, हे मी गृहीत धरले होते.

पाहता पाहता माझ्या ध्यानात आले की या मोठमोठ्या पिक्चरांत वरवर आग, मारामारी आणि चुंबने असली तरी आत एकच विषय आहे. समुद्रातून एक राक्षसी जनावर निघते आणि शहरातल्या सर्वांत उंच इमारतीवर चढते. लोक म्हणतात, ते नायिकेच्या मागे आहे. अहो, गच्चीवर टाकी असते. जन्मभर खारे पाणी प्यालेल्या जिवाला गोडे पाणी हवे असते. आमच्या पश्चिमेकडच्या बावखलांना, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांना, खार लागतोय, ते पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. दुसऱ्या एका पिक्चरमध्ये परग्रहावरच्या तबकड्या राजधानीवर तीन दिवस काही न करता नुसत्या उभ्या राहतात. काही न करता तीन दिवस कोण उभे राहते? भाव ठरेपर्यंत टँकरवाला उभा राहतो. आणि तो मुखवटा लावून रात्रभर शहर वाचवत हिंडणारा नायक? तो उघड उघड व्हॉल्वमन आहे. तोंड दाखवले तर लोक घेराव घालतात, आमच्या गल्लीला दहा मिनिटे जास्त सोडा म्हणतात. मी स्वतः सात वर्षे मफलर बांधून ड्युटी केली आहे.

हे निव्वळ माझे तर्क असते तर मी वह्या भरल्या नसत्या. पुरावा संवादांत होता. बुडत्या जहाजाचा कप्तान शेवटच्या श्वासाला सोबत्याचा हात धरतो आणि म्हणतो, ‘खालचा व्हॉल्व बंद करा, वरच्यांना पुरत नाही.’ हे युजीनभाऊंनी सांगितले तेव्हा मी रडलो होतो. वही तिसरी, पान एकशे बारा. कधी मी हिंदीत डब केलेला पिक्चर लावू म्हटले, तर युजीनभाऊ म्हणत, डबिंगवाले खरे डायलॉग कापतात. ते मला पटे. लायब्ररी बंद पडल्यावरही ते उरलेल्या सीडी घेऊन येत राहिले. अशी एकोणीस वर्षे गेली.

गेल्या डिसेंबरात इथल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने माझे व्याख्यान ठेवले. ज्ञानदाने पडद्यावर दाखवायला तुकडे काढून दिले. म्हाताऱ्यांना कळावे म्हणून तिने कॉम्प्युटरकडून खाली मराठी ओळीही घालून घेतल्या, आणि मला सुखद धक्का द्यायचा म्हणून आधी सांगितले नाही. मी म्हटले, आता तबकडीचा मुख्य काय विचारतो ते ऐका. माझ्या वहीप्रमाणे तो विचारतो, ‘पाच हजार लिटरला काय देता?’ पडद्यावर उमटले, ‘आम्ही शांततेसाठी आलो आहोत.’ लोक हसले. मला वाटले, कॉम्प्युटर चुकला. मग कप्तान आला. मी हात वर करून सभागृह शांत केले. खाली ओळ उमटली, ‘मला एकट्याला सोडून जाऊ नकोस.’ तेव्हा जे हसू फुटले ते अजून माझ्या कानात आहे. ज्ञानदाला इंग्रजी उत्तम येते. मी तिच्याकडे पाहिले. ती हळूच म्हणाली, ‘बाबा, तो तेच म्हणतोय.’ पहिल्या रांगेत युजीनभाऊ आपल्या चपलांकडे पाहत बसले होते. मी त्यांना हाक मारली नाही आणि ते उठले नाहीत.

घरी येऊन मी या कलमाचा पहिला मसुदा लिहिला : चौदाही वह्या माझ्या चितेवर ठेवाव्यात आणि युजीन तुस्कानो यांना माझ्या मरणाची खबरसुद्धा देऊ नये.

कलम ५. वकीलबाईंनी मसुदा वाचून एवढेच सांगितले की दोन साक्षीदार लागतील. तुम्हाला नीट ओळखणारे हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते शक्यतो नकोत. मला नीट ओळखणारे कोण, हे मी बोटांवर मोजायला घेतले. ज्ञानदा, जितेशराव आणि रंभाबाई यांना काही ना काही मिळणार, म्हणून ते बाद. विलासरावांना काही द्यायची माझी इच्छाच नाही, म्हणून ते चालत होते. दुसरे नाव काही केल्या सुचेना. चार दिवस सुचले नाही. मग, व्याख्यानानंतर अकरा महिन्यांनी, मी गिरीजला गेलो.

युजीनभाऊ वाडीत केळीची पाने कापत होते. मी उभ्यानेच सांगितले की साक्षीदार हवा आहे, बदल्यात काही मिळणार नाही. ते म्हणाले, ‘मला काय नको, भाऊ.’ आणि मग मी काही न विचारताच ते बोलू लागले.

‘मी मराठी शाळेत सातवी शिकलो. इंग्रजी मलाही नाय येत. पहिल्या रविवारी तुम्ही विचारलं, काय म्हणतो तो? तुम्ही ड्युटीवरनं पान्याच्या कटकटी सांगत आलेले, म्हणून मी पान्याचंच कायतरी सांगितलं. तुम्ही वही काढली. मग मी कसा थांबणार?’

मी विचारले, एवढे संवाद रचले तरी कुठून? ते म्हणाले, ‘तुमचेच होते ते. तुम्ही वहिनींना सांगत बसायचे ते.’

खरे होते. खालचा व्हॉल्व बंद करा, वरच्यांना पुरत नाही, हे मी रोज घरी येऊन बोलत असे. साहेबांनी ते कधी ऐकून घेतले नाही. युजीनभाऊंनी ऐकले आणि कप्तानाच्या तोंडी घातले. मी रडलो होतो तो माझ्याच वाक्यावर.

एवढ्यावर मी निघालो असतो. पण जाता जाता त्यांनी सांगितले की मीराला हे पहिल्या वर्षीच कळले होते. तिनेच त्यांना सांगितले, चालू द्या, एवढाच एक दिवस ते कोणावर चिडत नाहीत. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर माझ्याजवळ अवाक्षर बोलली नाही. दोघांनी मिळून मला फसवले. एकीला जाब विचारता येत नाही आणि दुसऱ्याला विचारून झाला. मला याचे फार वाईट वाटते. माफ केले असे मी लिहिणार नाही, कारण मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

त्यांना इंग्रजी येते हे खोटे मात्र त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. ते मीच मला सांगितले होते.

कलम ६. सबब पहिला मसुदा रद्द. वह्या जाळू नयेत. ज्ञानदाने त्या जपून ठेवाव्यात आणि मुखपृष्ठावर ‘लेखक सदानंद खरमाटे’ यापुढे ‘संवाद युजीन तुस्कानो’ असे लिहावे. यात त्यांना कोणताही लाभ नाही, असे वकीलबाईंचे मत पडले.

स्थळ : तुळिंज, नालासोपारा पूर्व
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार
सही : सदानंद गणपत खरमाटे

साक्षीदार १ : विलास (सेक्रेटरी). सही केली. कलम ३ न वाचता केली.

साक्षीदार २ : युजीन तुस्कानो, राहणार गिरीज. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तरी मी त्यांना सगळा वाचून दाखवला. पाचवे कलम वाचताना त्यांनी मला अडवले नाही. सही करण्याआधी त्यांनी विचारले, शेवटी एक वाक्य मी लिहू का? मी नको म्हटले. त्यांनी माझ्यासाठी एकोणीस वर्षे वाक्ये घातली. या कागदावर मला फक्त त्यांची सही हवी होती. ती त्यांनी केली आणि मग आम्ही चहा घेतला.

सही : युजीन तुस्कानो