बाबांचा हात आणि व्हॉल्यूमचं बटण

शुक्रवार, संध्याकाळ, कारेलीबाग

जेवण बाजूला ठेवून लिहितेय. आज गरब्याच्या मैदानावर आमच्या साउंडचं टेस्टिंग होतं. इतकी वर्षं सगळ्याला मिळून एकच अ‍ॅम्प्लिफायर. ढोलावर थाप पडली की गाणाऱ्या बाईंचा आवाज फाटायचा, म्हणून बाबांचा हात कायम व्हॉल्यूमच्या बटणावर. आज मी क्रॉसओव्हर लावून आवाज वाटून दिला; ढोलाचा घुमारा एका अ‍ॅम्प्लिफायरला, बाईंचा गळा दुसऱ्याला.

"नसती भानगड," बाबा म्हणाले.

ढोल वाजला. बाबांचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. बाईंचा आवाज लख्ख! मी उगाच का घाबरले होते?

बाबांनी तो हात खिशात घातला आणि ढोलवाल्याला गुजरातीत अजून जोरात वाजवायला सांगितलं, "हजी जोरथी वगाड."